कंटेनरला त्याचाच पत्ता विचारताना: चौदा दिवसांची नोंद

आमच्या तीन सर्व्हिसेस जुन्या व्हर्च्युअल मशीनवरून डॉकर कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या खोक्यांत) हलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यातला एक भाग तिकिटात एका ओळीत उरकलेला होता: 'सर्व्हिस सुरू झाली की तिने आपला पत्ता आणि पोर्ट कन्सलमध्ये नोंदवावा.' (कन्सल म्हणजे कोणती सर्व्हिस कोणत्या पत्त्यावर आहे याची सामाईक नोंदवही.) मी अंदाजाच्या रकान्यात अर्धा दिवस लिहिला. काम ३ तारखेला, सोमवारी सुरू झालं आणि २० तारखेला, गुरुवारी संपलं. कामाचे चौदा दिवस. त्यातले सहा निव्वळ परवानगीची वाट पाहण्यात गेले, पण उरलेले आठ माझ्याच समजुतीतल्या फटी बुजवण्यात गेले. या दिवसांत मी जे जे शोधत होते ते तुकड्या-तुकड्यांनी सापडत गेलं, एका जागी कुठेच नव्हतं. म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी मांडणी सांगते. ऑर्डर, बिलिंग आणि नोटिफिकेशन अशा तीन सर्व्हिसेस. तिन्ही आतून ८०८० पोर्टवर ऐकतात. प्रत्येक मशीनवर कन्सलचा एक एजंट आधीपासून चालू होता. सर्व्हिस त्या एजंटला '१२७.०.०.१, पोर्ट ८५००' वर गाठायची आणि 'मी अमुक, या पत्त्यावर आहे' असं कळवायची. बाकीच्या सर्व्हिसेस कन्सलला विचारून त्या पत्त्यावर थेट बोलायच्या. व्हर्च्युअल मशीनवर हे कित्येक महिने बिनबोभाट चाललं होतं, कारण तिथे मशीनला एकच कामाचा पत्ता होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

सोमवारी सकाळी पहिला कंटेनर उठवला आणि पहिल्याच ओळीत 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. याचं कारण लवकर सापडलं. कंटेनरला लिनक्स स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस देतं, म्हणजे त्याचे इंटरफेस वेगळे, राउटिंग टेबल वेगळं आणि लूपबॅकही, म्हणजे स्वतःकडेच वळणारा पत्ताही, वेगळा. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः. एजंट बाहेर होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतो तिथे बसलेला. तेव्हा आधी होस्टचा पत्ता हवा. डॉकरच्या मूळ ब्रिजवर (होस्ट आणि कंटेनरना जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कवर) होस्टची बाजू बहुतेक वेळा १७२.१७.०.१ असते आणि तोच कंटेनरचा डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, असतो. पण 'बहुतेक वेळा' असं स्क्रिप्टमध्ये लिहिता येत नाही, म्हणून तो आतूनच वाचायचं ठरवलं.

इथे दुसरी अडचण. आमच्या इमेज (ज्यांतून कंटेनर उठतो ते साचे) छोट्या ठेवलेल्या, त्यामुळे 'आयपी' हा कमांडच त्यांत नव्हता. मग 'प्रॉक' फोल्डरमधली 'नेट/राऊट' ही फाइल उघडली. ती कोणत्याही लिनक्स कंटेनरमध्ये असते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. डीफॉल्ट राऊटच्या ओळीत गेटवेच्या रकान्यात मला दिसलं ते असं: ०१००११एसी. पहिल्यांदा मला तो बिघडलेला मजकूर वाटला. तो पत्ताच आहे, फक्त सोळाच्या पायात आणि उलटा. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर बाइट उलट्या क्रमाने साठवले जातात, म्हणून दोन-दोन अक्षरांच्या जोड्या उजवीकडून वाचायच्या: एसी म्हणजे १७२, ११ म्हणजे १७, मग ०० आणि ०१. झाला १७२.१७.०.१. वहीवर पेनाने जोड्या पाडून हे जुळलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

गेटवे मिळाला तरी एजंट उत्तर देईना. कन्सलचा एजंट आपला एचटीटीपी पोर्ट मुळात फक्त लूपबॅकवर उघडतो. 'क्लायंट ॲड्रेस' या सेटिंगमध्ये ब्रिजचा पत्ताही घालावा लागला. तिथे ०.०.०.० टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग एजंट मशीनच्या सगळ्या इंटरफेसवर उघडा पडतो. हवे ते दोन पत्तेच लिहा.

दुपारी नोंदणी झाली, पण हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हिस उत्तर देते का ही कन्सलची तपासणी, लाल. मी पत्त्याचा रकाना रिकामा सोडला होता, आणि तो रिकामा असला की कन्सल एजंटचाच पत्ता धरतो. म्हणजे होस्टचा पत्ता आणि ८०८० पोर्ट अशी नोंद झाली, पण मी तो पोर्ट होस्टवर उघडलेलाच नव्हता. मग मी कंटेनरचं होस्टनेम पाठवलं. ते डॉकर स्वतः ठरवतं: कंटेनरच्या आयडीची पहिली बारा अक्षरं. त्या नावाचा पत्ता त्या कंटेनरच्या स्वतःच्या होस्ट्स फाइलमध्ये असतो, होस्टवरच्या एजंटला ते नाव कोण सांगणार? पुन्हा लाल. शेवटी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये 'होस्टनेम' कमांडला लहान 'आय'चा पर्याय देऊन पत्ता काढला, १७२.१७.०.२ असा आला, तो पाठवला आणि चेक हिरवा झाला. संध्याकाळी तिकिटावर 'जवळपास पूर्ण' लिहून मी घरी गेले.

मंगळवारचा दिवस त्या एका 'आय'ने घेतला. एका सहकाऱ्याने दुसऱ्या सर्व्हिसच्या स्क्रिप्टमध्ये कॅपिटल 'आय' लिहिला होता. त्याच्या डेबियनवर बांधलेल्या इमेजमध्ये तो चालायचा, नोटिफिकेशनच्या अल्पाइन इमेजमध्ये चालेना. अल्पाइन या छोट्या लिनक्समधला होस्टनेम कमांड बिझीबॉक्स या आटोपशीर कमांडसंचातला असतो आणि त्याला कॅपिटल 'आय' माहीतच नाही. शिवाय दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. लहान 'आय' आपलं होस्टनेम पत्त्यात उलगडून दाखवतो, कंटेनरमध्ये ते होस्ट्स फाइलमधून येतं. कॅपिटल 'आय' लूपबॅक सोडून सगळ्या इंटरफेसचे पत्ते एका ओळीत ओततो, आणि त्यांच्या क्रमावर विसंबू नका असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. कंटेनर दोन नेटवर्कांत असेल तर लहान 'आय'सुद्धा दोन पत्ते देऊ शकतो, कारण होस्ट्स फाइलमध्ये प्रत्येक नेटवर्कची एक ओळ पडते. 'पहिला शब्द उचलायचा' अशी स्क्रिप्ट एका नेटवर्कवर बरोबर चालते आणि दुसरं जोडलं की मुकाट चुकते.

बुधवारी, ५ तारखेला, दुसरं टेस्ट मशीन जोडलं. पहिल्यावर ऑर्डर, दुसऱ्यावर बिलिंग आणि नोटिफिकेशन. कन्सलच्या पानावर सगळं हिरवं. पण बिलिंग ऑर्डरची माहिती मागायला गेलं की ४०४. टाइमआउट नाही, 'रिफ्यूज्ड' नाही, ४०४. म्हणजे पलीकडे कोणीतरी होतं, ते ऐकत होतं आणि 'असं काही माझ्याकडे नाही' म्हणत होतं. ऑर्डरच्या लॉगमध्ये मात्र एकही रिक्वेस्ट नव्हती. मी ऑर्डरचा कोड चार वेळा वाचला, राऊटिंगच्या फाइल तपासल्या, आवृत्ती तपासली. असे जवळजवळ पाच तास गेले.

मग बिलिंगचा लॉग सलग वाचायला घेतला आणि एक ओळ दिसली जी तिथे असायला नको होती. बिलिंगने ऑर्डरकडे जी रिक्वेस्ट पाठवली, तीच रिक्वेस्ट त्याच सेकंदाला बिलिंगकडे आत आलेली. पाठवणाऱ्याचा पत्ता १७२.१७.०.२, ज्याला पाठवली त्याचा पत्ता १७२.१७.०.२. मी कन्सलमधल्या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडल्या. ऑर्डर: १७२.१७.०.२. बिलिंग: १७२.१७.०.२. दोन वेगळ्या मशीनवरचे दोन वेगळे कंटेनर, पत्ता एकच. बिलिंग ऑर्डरला हाक मारत होतं आणि ओ स्वतःच देत होतं.

समजल्यावर हे अगदी सरळ आहे. डॉकरचा मूळ ब्रिज प्रत्येक होस्टवर आपला-आपला असतो आणि मुद्दाम बदलला नाही तर सगळीकडे १७२.१७.०.०/१६ हाच पट्टा वापरतो. पहिला कंटेनर त्यात साहजिकच .२ घेतो. हा खाजगी पट्ट्यातला पत्ता आहे, त्या एका होस्टच्या भिंतीबाहेर त्याला अर्थ नाही. आणि हेल्थ चेक हिरवा का? कारण चेक करणारा एजंट त्याच होस्टवर बसलेला, त्याला तो ब्रिज दिसतो. ज्याला कधी ती सर्व्हिस वापरायचीच नाही तो 'पोहोचता येतंय' म्हणून साक्ष देत होता.

त्या संध्याकाळी मी तिकिटावर 'जवळपास पूर्ण' खोडून नवं वाक्य लिहिलं: 'जो बोलावणार आहे त्याला माझा कोणता पत्ता दिसतो?' तोवर मी कंटेनरला 'तुझा पत्ता काय' विचारत होते, आणि तो दर वेळी खरंच उत्तर देत होता. माझाच प्रश्न अपुरा होता.

तेव्हाच एक छोटा बदल केला, जो पुढे फार उपयोगी पडला. तिन्ही सर्व्हिसेसच्या हेल्थच्या उत्तरात नुसतं 'ठीक' न पाठवता सर्व्हिसचं नाव आणि कंटेनरचं होस्टनेम घातलं. ८०८० वर २०० हे उत्तर कोणीही देऊ शकतं. नाव वाचलं की खरं कोण बोलतंय ते कळतं.

गुरुवारी दोन मार्ग समोर होते. पहिला, प्रत्येक सर्व्हिसचा पोर्ट होस्टवर प्रकाशित करायचा आणि होस्टचा पत्ता नोंदवायचा. यात अडचण अशी की कंटेनरला आतून स्वतःच्या होस्टचा बाहेरचा पत्ता कळत नाही, आणि डॉकरला पोर्ट आपोआप निवडू दिला तर तो पोर्टही कळत नाही. डॉकरचं सॉकेट कंटेनरच्या आत जोडून इन्स्पेक्टने विचारता येतं. तसे नमुने खूप दिसतात, मीही एक चालवून पाहिला. सुरक्षा पाहणाऱ्या सहकाऱ्याने तो बघताक्षणी नाही म्हटलं आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं: ज्याच्या हातात ते सॉकेट, त्याच्या हातात अख्खा होस्ट रूट म्हणून. पत्ता विचारण्यासाठी एवढी मोठी किल्ली द्यायची नाही. पोर्ट ठरलेला ठेवून होस्टचा पत्ता बाहेरूनच एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा, हा त्यातला सभ्य प्रकार.

दुसरा मार्ग ओव्हरले नेटवर्कचा. यात सगळ्या होस्टवरच्या कंटेनरांना एकाच पट्ट्यातले, एकमेकांत न आदळणारे पत्ते मिळतात, आणि मधला प्रवास व्हीएक्सलॅनमध्ये, म्हणजे होस्ट-होस्टमधल्या यूडीपी पॅकेटांत, गुंडाळून होतो. आमच्या सर्व्हिसेसच्या अनेक प्रती असणार होत्या आणि कोणत्या प्रतीकडे जायचं ते बोलावणारी सर्व्हिस कन्सलमधले टॅग बघून ठरवते. हे ओव्हरले ज्याचं, त्या स्वार्मचं (अनेक मशीनवरचे कंटेनर एकत्र चालवायची डॉकरची सोय) स्वतःचं नाव उलगडणं आहे, पण टॅगचं हे काम त्यात बसत नव्हतं. म्हणून प्रत्येक प्रतीचा खरा पत्ता कन्सलमध्येच हवा होता. ओव्हरले ठरलं.

ओव्हरलेसाठी होस्ट-होस्टमध्ये पोर्ट उघडावे लागतात आणि त्यासाठी नेटवर्क विभागाचा अर्ज. ६ तारखेला दुपारी भरला. सोमवारी, १० तारखेला परत आला. फोनवर पलीकडून शांतपणे विचारलं, "मॅडम, ४७८९ टीसीपी लिहिलंय तुम्ही. हे व्हीएक्सलॅन आहे ना? मग यूडीपी हवं." चूक माझी होती. तुम्ही भरणार असाल तर हे असंच लिहा: २३७७ टीसीपी, क्लस्टरच्या व्यवस्थापनासाठी, ७९४६ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, नोड एकमेकांशी बोलण्यासाठी, ४७८९ यूडीपी, प्रत्यक्ष डेटासाठी. ७९४६ ची यूडीपीची बाजू राहून गेली की अर्धवट चालणारं नेटवर्क मिळतं, ते पूर्ण बंद नेटवर्कपेक्षा शोधायला अवघड. अर्जात 'डेटा एन्क्रिप्टेड आहे का' असाही रकाना होता. स्वार्मची व्यवस्थापनाची वाहतूक आपोआप एन्क्रिप्ट होते, सर्व्हिसेसचा डेटा मुळात होत नाही. तो करायचा तर नेटवर्क बनवताना वेगळा पर्याय द्यावा लागतो आणि फायरवॉलमध्ये ईएसपी, म्हणजे आयपी प्रोटोकॉल ५०, सोडावा लागतो. अर्जात टीसीपी आणि यूडीपी एवढेच दोन रकाने होते, म्हणून ईएसपीची विनंती शेऱ्यात लिहिली. टेस्टसाठी एन्क्रिप्शनशिवाय परवानगी मिळाली, प्रत्यक्ष वापरासाठी पुन्हा अर्ज करायच्या अटीवर. ११ तारखेला सुधारून दिला, १३ ला मंजूर, १४ ला संध्याकाळी पोर्ट उघडले.

वाट पाहण्याचे ते दिवस मला जड गेले. रोज सकाळच्या बैठकीत 'अजून परवानगी नाही' हेच वाक्य. पण त्याच काळात मी नोंदणीचा कोड सुटा केला आणि स्टार्टअप स्क्रिप्ट नीट वाचली, आणि त्याचा फायदा शेवटच्या दोन दिवसांत झाला.

सोमवारी, १७ तारखेला, ओव्हरले उभं केलं. पट्टा मुद्दाम स्वतः दिला, १०.२०.५.०/२४, म्हणजे पत्ता पाहिल्यावर डोळ्यांनीच ओळखता यावा. कन्सलही आता याच नेटवर्कवर कंटेनर म्हणून ठेवला, टेस्टसाठी एकच. तो उठलाच नाही. निरोप स्पष्ट होता: एकापेक्षा जास्त खाजगी पत्ते सापडले, बाइंड किंवा ॲडव्हर्टाइजमधून एक निवडा. मला त्या निरोपाबद्दल आदर वाटला. माझी स्क्रिप्ट अशा वेळी पहिला पत्ता उचलून पुढे निघून जायची. कन्सल थांबून विचारत होता. त्याच्या सेटिंगमध्ये साचा लिहिता येतो: सगळे इंटरफेस घे, त्यातला १०.२०.५.०/२४ मध्ये बसणारा निवड, त्याचा पत्ता दे. तो लिहिल्यावर कन्सल उठला.

हे दोन पत्ते कुठून आले? स्वार्ममधल्या कंटेनरला ओव्हरलेचा इंटरफेस असतोच, शिवाय बाहेरच्या जगाकडे जाण्यासाठी 'डॉकर जीडब्ल्यू ब्रिज' नावाच्या होस्टपुरत्या ब्रिजवर आणखी एक. आमच्याकडे तो १७२.१८ ने सुरू होत होता. डीफॉल्ट राऊट याच ब्रिजमधून जातो. आणि इथे माझी पुढची युक्ती फसली. मी 'आयपी राऊट गेट' ला इंटरनेटवरचा एक पत्ता देऊन उत्तरातला 'एसआरसी' नंतरचा पत्ता घ्यायचं ठरवलं होतं. एका ब्रिजवर ते छान चालतं. स्वार्ममध्ये इंटरनेटचा रस्ता जीडब्ल्यू ब्रिजमधून, म्हणून उत्तर आलं १७२.१८.०.३, आणि तो पत्ता पुन्हा होस्टच्या भिंतीआतलाच. बुधवारचाच घोटाळा दुसऱ्या कपड्यांत.

मग इंटरफेसचं नाव पक्कं करून 'ईथ०' लिहिलं. ऑर्डरला चाललं. बिलिंगचा पोर्ट मात्र बाहेरच्या एका कामासाठी प्रकाशित केला होता, त्यामुळे त्याला बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्टसाठीचं इन्ग्रेस नावाचं तिसरं नेटवर्क जोडलं गेलं आणि 'ईथ०' त्याच्या वाट्याला गेला. तेव्हा ईथ०, ईथ१ या आकड्यांवर काही बांधू नका. नेटवर्क वाढलं की ते सरकतात.

शेवटी टिकला तो उपाय आधीच्याच युक्तीचा, फक्त प्रश्न नीट विचारलेला. इंटरनेटकडे जाणारा रस्ता मला नकोच होता; मला हवा होता माझ्या सोबतच्या सर्व्हिसेसकडे जाणारा रस्ता, आणि कन्सल त्यांच्याच नेटवर्कवर बसलेला होता. म्हणून सर्व्हिसच्या कोडमध्येच एक यूडीपी सॉकेट उघडायचं, ते 'कन्सल' या नावाच्या पत्त्याला कनेक्ट करायचं, आणि सॉकेटला विचारायचं की तुझ्या बाजूचा पत्ता कोणता. यूडीपीत कनेक्ट म्हणताना एकही पॅकेट बाहेर जात नाही. कर्नल फक्त राउटिंग टेबल बघतं, त्या दिशेला कोणता इंटरफेस जातो ते ठरवतं आणि त्याचा पत्ता सॉकेटला लावतं. पोर्ट कोणताही द्या. जावा, पायथन, गो, सगळ्यांत हे चार-पाच ओळींत होतं, इमेजमध्ये ना 'आयपी' लागतो ना 'होस्टनेम' ना शेल. दुपारी साडेतीनच्या सुमारास लॉगमध्ये १०.२०.५.७ उमटलं. तिन्ही सर्व्हिसेसवर चालवलं, तिन्हींचे पत्ते १०.२०.५ मधले, तिन्ही वेगळे. रजिस्ट्री (आमच्याकडे कन्सल) आणि बोलावणारे वेगवेगळ्या नेटवर्कवर असतील तर मात्र हे तसंच उचलू नका. ज्या नेटवर्कवर बोलावणारे आहेत तिथला एखादा कायमचा पत्ता कनेक्टसाठी वापरा.

बिलिंगची गोष्ट थोडी वेगळी राहिली. जुनं रिपोर्टिंग अजून व्हर्च्युअल मशीनवर आहे आणि त्यालाही बिलिंगशी बोलायचं असतं. ओव्हरलेवरचा १०.२०.५ चा पत्ता त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. म्हणून बिलिंग आता दोन नावांनी नोंद करतं: एक आतल्यांसाठी ओव्हरलेच्या पत्त्याने, दुसरी बाहेरच्यांसाठी नोडच्या नावाने आणि ठरलेल्या प्रकाशित पोर्टने. नोडचं नाव स्वार्म साच्यातून एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये भरून देतं, आमच्या डीएनएसमध्ये ते उलगडतं. पोर्ट 'होस्ट' पद्धतीने प्रकाशित केला, कारण इन्ग्रेसमधून गेलं तर रिक्वेस्ट कोणत्याही प्रतीकडे जाऊ शकते आणि मग चेक नेमका कोणत्या प्रतीचा झाला ते सांगता येत नाही.

१८ तारखेला तपासताना वेगळीच गंमत कळली. स्क्रिप्टमध्ये एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल बघायला मी 'डॉकर एक्झेक'ने आत शिरले तर ते रिकामं. तासभर स्क्रिप्टवर संशय घेतला. एक्झेक नवीन प्रोसेस सुरू करतो, तिला स्क्रिप्टने नंतर भरलेलं काही मिळत नाही. खरी किंमत 'प्रॉक' मधल्या सर्व्हिसच्या प्रोसेसच्या 'एन्व्हायरन' फाइलमध्ये दिसते, तिथे ती होती. त्याच दिवशी ऑर्डरच्या तीन प्रती चालवल्या आणि कन्सलमध्ये एकच दिसली. सर्व्हिसचा आयडी दिला नाही तर कन्सल नावच आयडी धरतो, त्यामुळे प्रत्येक नवी प्रत आधीच्या नोंदीवर लिहीत होती. आयडीत कंटेनरचं होस्टनेम जोडलं आणि तिन्ही दिसल्या.

१९ तारीख मेलेल्या नोंदींची. कंटेनर बंद होऊन नवा उठला की त्याला बहुधा वेगळा पत्ता मिळतो, जुनी नोंद मात्र लाल होऊन पडून राहते. सर्व्हिसच्या कोडमध्ये बंद होताना नोंद काढायची सोय होती, पण ती चालतच नव्हती. डॉकर स्टॉप म्हटल्यावर १ नंबरच्या प्रोसेसला (कंटेनरमध्ये सर्वांत आधी सुरू झालेल्या) टर्म सिग्नल, म्हणजे थांबायची सूचना, जाते आणि स्वतःहून काही ठरवलं नसेल तर १० सेकंदांनी ती मारली जाते, तेव्हा एक्झिट कोड १३७ दिसतो. आमच्याकडे १ नंबरवर शेल स्क्रिप्ट बसली होती आणि ती सिग्नल पुढे सर्व्हिसला देत नव्हती. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत सर्व्हिसच्या कमांडआधी 'एक्झेक' हा शब्द (डॉकरचा नव्हे, शेलचा) लिहिला की सर्व्हिसच शेलची जागा घेते आणि सिग्नल थेट तिला मिळतो. एका शब्दाची दुरुस्ती. मशीनच बंद पडलं तर हेही उपयोगाचं नाही, म्हणून 'इतका वेळ लाल राहिली तर नोंद काढ' ही कन्सलची मुदतही लावली. ती कमीत कमी एक मिनिट असते आणि साफसफाई ३० सेकंदांनी एकदा होते, तेव्हा मधल्या वेळेत बोलावणाऱ्यांनी लाल प्रती वगळायलाच हव्यात.

कुबरनेटिसवर असाल तर यातला बराच भाग तुमच्या वाट्याला येणार नाही. पॉडच्या व्याख्येत 'स्टेटस.पॉडआयपी' हे फील्ड एका व्हेरिएबलला जोडायचं, कंटेनर सुरू होतानाच पत्ता हातात असतो. ॲमेझॉनच्या ईसीएसमध्ये मेटाडेटाचा पत्ता व्हेरिएबलमध्ये मिळतो, त्याला विचारलं की तो सांगतो. स्प्रिंगसोबत युरेका वापरत असाल तर 'प्रेफर आयपी ॲड्रेस' चालू करा आणि त्यासोबत 'प्रेफर्ड नेटवर्क्स'मध्ये आपला पट्टा द्या. नुसतं पहिलं केलं तर अनेक इंटरफेसमधून तो भलताच निवडू शकतो.

गुरुवारी, २० तारखेला, तिकीट बंद करायच्या आधी एक शेवटची चाचणी लिहिली आणि ती आता प्रत्येक बदलानंतर चालते. प्रत्येक कंटेनर कन्सलकडून सगळ्यांचे पत्ते घेतो, प्रत्येकाच्या हेल्थला स्वतः जातो आणि उत्तरातलं नाव व होस्टनेम नोंदीशी जुळतं का ते पाहतो. दोन मशीन, पाच कंटेनर, स्वतःला धरून पंचवीस भेटी. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी पंचवीसही जुळल्या. बिलिंगने ऑर्डरला हाक मारली आणि या वेळी ओ ऑर्डरनेच दिली.